डिग्री नाही, डिप्लोमा आहे: एफई परीक्षेची सुरुवात कशी करायची?

आधी एक गैरसमज काढून टाका. एफई (इंजिनियरिंगच्या मूलभूत ज्ञानाची) आणि त्यापुढची पीई (परवानाधारक इंजिनियर होण्यासाठीची) या अमेरिकेतल्या परीक्षा एनसीईईएस ही संस्था घेते, पण परवाना देतं ते तिथल्या राज्याचं मंडळ. म्हणून डिग्री लागते की नाही, हे राज्यागणिक बदलतं. कॅलिफोर्नियात डिग्री नसतानाही अनुभवावर अर्ज करता येतो. पीईसाठी अनुभवाची एकूण ६ वर्षं धरतात. बऱ्याच राज्यांत ही सोय नाही. राज्य न ठरवता फी भरणं ही नवख्यांची सर्वांत महागडी चूक.

एएमआयई (इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनियर्सची परीक्षा) करून डिग्रीची कसर भरून काढू, असंही पुण्यात पुष्कळ जण म्हणतात. पण डिग्रीशी समकक्षता ३१ मे २०१३ पर्यंत नोंदणी केलेल्यांपुरतीच आहे.

आता अभ्यासाचं. एफईला ११० प्रश्न, ५ तास २० मिनिटं. म्हणजे प्रश्नाला जेमतेम तीन मिनिटं.

- एनसीईईएसच्या खात्यातून हँडबुकची (सूत्रांच्या पुस्तकाची) पीडीएफ फुकट मिळते. परीक्षेत तेवढंच पुस्तक, तेही स्क्रीनवर. पहिल्या दिवसापासून सूत्र त्यातच शोधा.
- कॅल्क्युलेटर कॅसिओ एफएक्स-९९१ चालतो. अप्पा बळवंत चौकात पुस्तकं बघायला जाल, तेव्हा तोही बघून ठेवा.
- फूट-पौंडाची सवय करा. आपली मुलं इथेच घसरतात: पौंड वस्तुमान आणि पौंड बल एकच समजून ३२.२ ने भागायला विसरतात.
- उत्तर चुकलं तर गुण कापत नाहीत. एकही प्रश्न कोरा सोडू नका.

पीईची पुस्तकं आत्ता घेऊ नका. त्याऐवजी कामाच्या नोंदी आजपासून ठेवा: तारखा, प्रकल्प, हिशेब कुणी केले. पुढे परवानाधारक इंजिनियरांची शिफारसपत्रं मागतात, तेव्हा हीच वही लागते.