दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बर विमानाचं स्केल मॉडेल करायचं असेल तर कोणतं विमान निवडावं आणि सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की एक-दोन छोटी लढाऊ विमानं जोडून झाली आहेत, आता चार इंजिनांचं बॉम्बर करायचंय, आणि लँकेस्टर घ्यावं की बी-17 यावर गाडी अडली आहे. माझं मत विचाराल तर दोन्ही बाजूला ठेवा आणि बी-24 लिबरेटर करा. तेही भारतीय हवाई दलाचं.

लँकेस्टर आणि बी-17 देखणी आहेत, त्यांची किटंही उत्तम मिळतात. पण लिबरेटरची गोष्ट आपल्या अंगणातली आहे. महायुद्धाच्या शेवटच्या वर्षांत ब्रिटिश हवाई दलाची लिबरेटर बंगालमधल्या धावपट्ट्यांवरून ब्रह्मदेशावर बॉम्बफेकीला जात. ही विमानं अमेरिकेनं 'लेंड-लीज' करारानं दिलेली होती, म्हणजे युद्ध संपल्यावर ती परत करायची किंवा निकामी करायची. कानपूरजवळ चकेरीला अशी कितीतरी विमानं पुन्हा उडू नयेत म्हणून मुद्दाम मोडतोड करून सोडून दिली गेली. स्वातंत्र्यानंतर हवाई दलाला जड बॉम्बर हवे होते आणि विकत घ्यायला पैसा नव्हता. तेव्हा हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या लोकांनी त्या भंगारातून एकेक विमान उडण्याइतपत उभं केलं, आणि कंपनीचे वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती कानपूरहून बंगळूरला उडवत नेली. तिथं त्यांची पूर्ण दुरुस्ती झाली. अशी चाळीसच्या आसपास विमानं हवाई दलाला मिळाली. नोव्हेंबर 1948 मध्ये 5 नंबरचं स्क्वाड्रन त्यांच्यावर उभं राहिलं. पुढे 1951 मध्ये 6 नंबरचं स्क्वाड्रन पुण्यात, लोहगावला, सागरी टेहळणीसाठी लिबरेटर घेऊन पुन्हा सुरू झालं. 1968 पर्यंत ही विमानं सेवेत होती. जगात 18 हजारांहून जास्त लिबरेटर बनली. आज शाबूत असलेली अगदी थोडी, आणि त्यांतली बरीच आपल्या हवाई दलानं जपलेली! लंडनच्या आरएएफ म्युझियमचं, अ‍ॅरिझोनातल्या पिमा म्युझियमचं आणि कॉलिंग्स फाउंडेशनचं, अशी तिन्ही विमानं भारतातून गेलेली आहेत. दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात एक आहे, ते प्रत्यक्ष बघता येतं. मला या विमानाबद्दल वाटणारा जिव्हाळा इथून येतो.

आता सुरुवातीबद्दल. किटचा डबा उघडण्याआधी एक गोष्ट पक्की करा: नेमकं कोणतं विमान आणि कोणत्या सालातलं. 'लिबरेटर करतोय' एवढं पुरत नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काळात आपल्या विमानांवर अशोकचक्राचं चिन्ह होतं. 1950 नंतर आजचं गोल चिन्ह आलं, आत हिरवा, मग पांढरा, बाहेर केशरी. म्हणजे साल बदललं की पंखांवरचं चिन्ह बदललं. शिवाय आपली विमानं वेगवेगळ्या भंगारातून उभी राहिलेली, त्यामुळे बुरूज (बंदुकांचे फिरते कक्ष), काचा, अँटेना यांत विमानागणिक फरक दिसतात. एकाच विमानाचे दोन-तीन फोटो मिळवा, छापून टेबलासमोर लावा, आणि किटच्या माहितीपत्रकात व फोटोत फरक पडला तर फोटोवर विश्वास ठेवा. मॉडेल बिघडतं ते सहसा गोंदामुळे नाही, अर्ध्यात ठरवायला बसल्यामुळे.

स्केल 1/72 घ्या, म्हणजे मॉडेल खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या भागाएवढं. खऱ्या विमानाचा पंखविस्तार 110 फूट, म्हणजे 1/72 मध्ये साधारण साडेसेहेचाळीस सेंटिमीटर. 1/48 मध्ये तोच सत्तर सेंटिमीटरच्या घरात जातो, आणि पुण्या-मुंबईच्या घरात तेवढं शोकेस कुठून आणणार? 1/72 मध्ये हासेगावाचं बी-24जे किट नेमकं आणि नीट बसणारं आहे. अकॅडमीचं जुनं आहे, पण मेहनत घेतली तर छान होतं.

लिबरेटरची खरी परीक्षा नाकात आहे. याला पुढचं चाक नाकाखाली आहे, आणि मुख्य चाकांच्या मागे धड लांबलचक. त्यामुळे नाकात वजन भरलं नाही तर मॉडेल शेपटीवर बसतं. धडाचे दोन भाग चिकटवण्यापूर्वीच हे वजन घालावं लागतं, नंतर जागा राहत नाही. मासेमारीची शिशाची वजनं किंवा एअरगनचे छर्रे चालतात. कॉकपिटच्या मागच्या भिंतीआड, पुढच्या चाकाच्या खोबणीच्या वर, आणि तरीही कमी पडलं तर इंजिनांच्या आवरणांतही भरा, कारण तीही मुख्य चाकांच्या पुढेच येतात. सगळं मास्किंग टेपनं तात्पुरतं जोडून, पंख लावून, मुख्य चाकांच्या जागी दोन बोटांवर तोलून पाहा. नाक स्पष्टपणे खाली झुकलं पाहिजे. जेमतेम तोललं तर अजून भरा, कारण शेपटीच्या बाजूला रंग आणि बारीक भाग अजून यायचे आहेत.

बॉम्ब ठेवायच्या कप्प्याची दारं या विमानात बाहेर उघडत नाहीत, दुकानाच्या शटरसारखी अंगालगत वर सरकतात. ती उघडी दाखवली तर आतली अरुंद चालपट्टी दिसते आणि मॉडेल जिवंत होतं. मात्र आतली बाकी सजावट धड बंद झाल्यावर दिसत नाही, तिथं आठवडे घालवू नका. वेळ द्या कॉकपिटला आणि बाजूच्या खिडक्यांना. पोटाखालचा गोल बुरूज तुमच्या विमानाला असेल आणि मॉडेल चाकांवर उभं असेल, तर तो आत ओढलेला ठेवा. खऱ्या विमानात उतरताना तो वर घ्यावाच लागे.

पारदर्शक भागांजवळ फेविक्विक आणूच नका, त्याच्या वाफेनं काच पांढरट होते. खिडक्यांना साधा पांढरा फेविकॉल लावा, वाळला की पारदर्शक होतो आणि जास्तीचा ओल्या बोळ्यानं पुसता येतो. बाकी प्लास्टिकला प्लास्टिक जोडायला पातळ मॉडेल सिमेंट, कारण ते प्लास्टिक विरघळवून सांधा एकजीव करतं.

आता सर्वांत कठीण भाग, रंग. आपली लिबरेटर उघड्या धातूच्या रंगात असत. असा चंदेरी रंग एकही ओरखडा लपवत नाही, उलट उठून दाखवतो. म्हणून सांध्यांची पुट्टी वॉटर पेपरनं घासताना 400 वरून 1000, मग 2000 पर्यंत जा आणि आधी चकचकीत काळा थर द्या, त्यातच सगळे दोष दिसतात. तो गुळगुळीत झाला की एअरब्रशनं चंदेरी थर पातळ, अनेक फेऱ्यांत. नंतर काही पत्रे मास्क करून किंचित गडद, काही फिके करा. आपल्या विमानांना ते शोभतं, कारण त्यांचे पत्रे खरोखर ठिकठिकाणचे होते. पावसाळ्यात लॅकर रंग मारू नका, हवेतल्या दमटपणानं थर धुरकटतो. जून ते सप्टेंबर कटाई, जोडणी, घासणी उरका, रंगाला ऑक्टोबर उजाडू द्या.

पंखांवरची गोल चिन्हं डिकलपेक्षा (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील चित्रांपेक्षा) मास्क कापून रंगवलेली बरी. भारतीय चिन्हांच्या डिकलमध्ये केशरी रंग पुष्कळदा लालसर छापलेला असतो. पांढरा आधी, मग मधला हिरवा, शेवटी केशरी कडं. विमानाचा क्रमांक मात्र डिकल पेपरवर छापून घ्या, हातानं तेवढे बारीक आकडे सरळ येत नाहीत. बंदुकीच्या नळ्या, अँटेना आणि पंखे अगदी शेवटी लावा, नाहीतर हाताळताना तेच आधी मोडतात.

किट मागवलंत की कोणत्या सालचं विमान निवडलंत ते इथे प्रतिक्रियेत लिहा. माझ्याकडे लोहगावच्या लिबरेटरचे काही जुने फोटो जमवलेले आहेत, तुमच्या सालाशी जुळणारे असतील ते देतो.