रिजेक्शनची वही शेजाऱ्यापुढे उघडताना

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

वडिलांची फौंड्री सांभाळायला तू शिरोलीत बसू लागलास आणि आसपासच्या पाच-सहा फौंड्रीवाल्यांनी एकत्र यावं असं तुझ्या मनात आहे, हे कळलं. फार बरं वाटलं. कोल्हापुरात हा धंदा वाढलाच मुळी एकमेकांचं बघून. उसाचे चरक, ऑइल इंजिनं, मग गाड्यांचे सुटे भाग. एका शॉपमधला मोल्डर दुसरीकडे गेला, पॅटर्नवाला दहा जणांकडे फिरला आणि हुन्नर पसरत गेला. आता गिऱ्हाईक प्रत्येक हीटचा, म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूचा, कागद मागतं. त्यामुळे नुसतं बघून भागत नाही, आकडे द्यावे-घ्यावे लागतात.

आणि गाडं अडतं ते आकड्यांवरच. एक म्हणतो माझं रिजेक्शन, म्हणजे दोष निघून बाद झालेला माल, चार टक्के, दुसरा म्हणतो नऊ. दोघेही खरंच बोलत असतात. पहिला नग मोजतो आणि फेटलिंगला, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करताना, सापडलेलेच धरतो. दुसरा किलोत मोजतो आणि मशिनिंगहून परत आलेला मालही त्यात घेतो. मग नऊवाला गप्प होतो आणि पुढच्या बैठकीला येत नाही. खरं तर त्याचीच वही जास्त कामाची असते.

म्हणून आधी मोजमाप एक करा. रिजेक्शन किलोत मोजायचं, गिऱ्हाइकाकडून परत आलेलं धरून. पीस ज्या तारखेला ओतला त्या तारखेवर तो लिहायचा, सापडला त्या तारखेवर नाही. 4 तारखेला ओतलेलं कव्हर 20 तारखेला मशिनवर फुटकं निघालं, तर ते 4 तारखेच्या वाळूचं आणि 4 तारखेच्या धातूचं पाप आहे. 20 तारखेची वाळू तपासून काय हाती लागणार? यासाठी प्रत्येक पीसवर हीट कोड उठलाच पाहिजे. तुमच्याकडे छोट्या जॉबवर तो नसेल तर पॅटर्नवर, म्हणजे साचा उठवायच्या नमुन्यावर, बदलता येणारी पट्टी बसवून घे. दोषांची नावंही फोटो लावून ठरवा. एकाचा ‘ब्लो होल’ दुसऱ्याचा ‘श्रिंकेज’ असतो. आतून गुळगुळीत, गोलसर पोकळी गॅसची. खडबडीत, दाणेदार पोकळी आकसल्याची. इतकं ठरलं तरी निम्मे वाद मिटतात.

दुसरं काम साच्याच्या वाळूच्या चाचणीचं, आणि यात घाई करू नकोस. सँड रॅमरचं (वाळूचा नमुना ठोकून दाबणाऱ्या यंत्राचं) वजन, पडण्याची उंची, 50 मि.मी. व्यासाचा आणि तेवढ्याच उंचीचा नमुना, तीन ठोके, हे सगळीकडे सारखंच असतं. पण एकाचा रॅमर काँक्रीटच्या ओट्यावर घट्ट बसवलेला असतो आणि दुसऱ्याचा हलत्या लोखंडी टेबलावर. टेबल उसळलं की ठोक्याचा जोर वाया जातो, नमुना कमी दाबला जातो आणि चांगली वाळूही कमजोर दिसते. यावर उपाय सोपा आहे. एकाच मिक्सरमधून एकाच बॅचची वाळू घ्या, दुहेरी प्लॅस्टिक पिशव्यांत बांधा, प्रत्येकाकडे एकेक पोहोचवा आणि तासाभरात सगळ्यांनी तपासा. उशीर झाला किंवा पिशवी उघडी राहिली की पाणी उडून जातं आणि चाचणी फुकट. कॉम्पॅक्टेबिलिटी, म्हणजे सैल वाळू ठोक्यांनी किती टक्के दबते तो आकडा, सगळ्यांची एकमेकांपासून दोनच्या फरकात आली तर पुढे जा. नाही आली तर आधी रॅमर दुरुस्त करा. धातूतले घटक मोजणाऱ्या स्पेक्ट्रोचंही असंच करायचं. तिथे नमुना तांब्याच्या साच्यात झटकन गोठवून पांढरा आलाच पाहिजे. ग्राफाइट सुटलेल्या नमुन्यावर कार्बन चुकीचा येतो.

यानंतरच एकमेकांच्या उपायांना हात घालायचा, कारण उसना उपाय जपून वापरावा लागतो. समज, तुझ्या 6 मि.मी. भिंतीच्या कव्हरला गॅसची भोकं येतात. शेजारी सांगतो, ‘मी वाळूतलं पाणी 4.2 टक्क्यांवरून 3.4 वर आणलं, भोकं गेली.’ तू तेच केलंस, तर भोकं कमी होतील, पण साच्याच्या कडा ढासळतील आणि मालात वाळू सापडू लागेल. याचं कारण दोघांच्या वाळूत आहे. त्याच्या वाळूत जळून मेलेली माती आणि भुकटी कमी, म्हणून त्याला 3.4 टक्के पाण्यात 40 कॉम्पॅक्टेबिलिटी मिळते. तुझ्या वाळूत भुकटी जास्त, ती पाणी पिते, आणि त्याच 40 साठी तुला 4.2 लागतं. म्हणून नुसतं पाणी सांगू नका. कॉम्पॅक्टेबिलिटीला पाण्याने भागा आणि तो आकडा सांगा. त्याचा 11.8 येतो, तुझा 9.5. तुझा इलाज नळाशी नाही. धूळ ओढणारी यंत्रणा साफ कर, नवी वाळू थोडी वाढव, मिक्सिंगची वेळ बघ. परतीची वाळू 45-50 अंशांच्या वर मिक्सरमध्ये जात असेल तर आधी ती थंड कर. गरम वाळू मिक्सर ते मोल्डिंग या वाटेतच सुकते आणि कितीही मोजलं तरी आकडा टिकत नाही.

कोणताही उपाय करून बघताना एका वेळी एकच गोष्ट बदल. वीस साचे खुणा करून वेगळे ओत, त्याच शिफ्टमध्ये वीस जुन्या पद्धतीचे ओत, आणि दोन्हींचा निकाल गटात सांग. उपाय फसला तर तोही सांग, कारण त्यामुळे बाकीच्या पाच जणांची तेवढीच हीट वाचते.

गटाचा मला सर्वांत मोठा वाटणारा फायदा आता सांगतो. बेंटोनाइट (वाळू बांधून ठेवणारी माती) आणि कोळसा पावडर एकाच पुरवठादाराकडून, एकाच लॉटची घ्या आणि लॉट नंबर सगळ्यांच्या वहीत लिहा. एखाद्या आठवड्यात तुझ्या एकट्याचं रिजेक्शन चढलं तर दोष तुझ्या शॉपमध्ये शोध. तोच लॉट वापरणाऱ्या तिघांचं एकदम चढलं तर आधी मालाकडे बघा, मातीत बांधायची ताकद किती आहे ते दाखवणारी मिथिलीन ब्लू चाचणी लावा. एकट्याने बसून हा फरक कळायला महिने जातात. पुरवठादारालाही सहा सह्यांचं पत्र नाकारणं जड जातं.

सँड रिक्लेमेशनची, म्हणजे वापरलेली वाळू पुन्हा कामाची करण्याची, सोय मिळून वापरायची असेल तर कोअरची (मालातली पोकळी घडवणाऱ्या आतल्या साच्याची) रेझिनची वाळू आणि बेंटोनाइटची वाळू शॉपमध्येच वेगळ्या ढिगांत ठेवा. थर्मल भट्टीत रेझिन जळून जातं, पण बेंटोनाइट दाण्यावर भाजून चिकटतं. ती वाळू पुन्हा कोअरला घेतली की रेझिन जास्त लागतं आणि कोअर तरीही कच्चा राहतो. एका सभासदाने मिसळलेला ट्रक पाठवला तर सगळ्यांची वाळू बिघडते. गेटवरच ट्रकचा नमुना तपासायचा आणि माती निघाली की ट्रक परत, मग तो कोणाचाही असो. हा नियम पहिल्या दिवशी लिहून सह्या घ्या, नंतर नातीगोती आड येतात.

दर मात्र बैठकीत कधीही काढू नका. मिळून भाव ठरवणं स्पर्धा कायदा 2002 च्या कलम 3 खाली बेकायदेशीर ठरतं, दंड मोठा असतो. गिऱ्हाइकाचं ड्रॉइंगही दाखवायचं नाही, ते त्याचं आहे. भिंतीची जाडी, वजन, ग्रेड आणि दोषाचा फोटो एवढ्यावर सल्ला देता येतो.

सुरुवातीला वेगवेगळ्या गिऱ्हाइकांचे पाच जण घे. पंप, ट्रॅक्टर, व्हॉल्व्ह असं काम करणारे असले की कुणाचं पोट कुणावर अवलंबून नसतं आणि तोंडं मोकळी होतात. बैठक हॉटेलात नको. दर महिन्याला एकेकाच्या शॉपमध्ये, मोल्डिंग चालू असताना घ्या. मालकासोबत वाळू बघणारा माणूस आलाच पाहिजे. प्रश्न तोच नीट विचारतो. पहिल्या बैठकीआधी आपला रॅमर ओट्यावर बोल्टने आवळून घे, मागच्या तीन महिन्यांची वही किलोत काढ, आणि त्यातला सर्वांत वाईट जॉब कापून, भोक उघडं करून टेबलावर ठेव.

तुझा,
काका