दिवसाउजेडी मुक्काम

प्रिय मुली,

तुझे पत्र काल तीनदा वाचले. आईबाबांनी घर विकून जुन्या मोटरहोममध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, राहायचे ठरवले आहे, बाबा 67 वर्षांचे आहेत, आई गेल्याच महिन्यात 65 वर्षांची झाली, आणि "काकू, तुमचे ते ऐकतात, तेव्हा निदान दोन वर्षे थांबा असे तुम्हीच त्यांना सांगा," अशी तुझी विनंती आहे. मी त्यांना तसे सांगणार नाही. का सांगणार नाही, हे मात्र तुला नीट कळले पाहिजे, म्हणून फोन न करता लिहायला बसले आहे.

आम्हीही अशाच गाडीत राहतो. आमच्या गाडीत एकच नियम आहे, आणि तो म्हणजे दिवसाउजेडी मुक्काम गाठायचा. आर.व्ही.वाल्या, म्हणजे अशा घरगाड्यांतून फिरणाऱ्या, मंडळींमध्ये तीन तिनांचा नियम म्हणून तो प्रसिद्ध आहे: एका दिवसात 300 मैलांपेक्षा जास्त जायचे नाही, दुपारी तीनच्या आत पोहोचायचे आणि एका जागी निदान तीन रात्री राहायचे. पहिल्या वर्षी मला हा म्हाताऱ्यांचा बाऊ वाटत असे. ऑक्टोबर 2019 मध्ये न्यू मेक्सिकोत आम्ही एका कॅम्पग्राउंडचे पैसे आधीच भरले होते, ते बुडू नयेत म्हणून मीच काकांना म्हणाले, "दोनच तास तर राहिले आहेत, चला." रात्री आठ वाजता अंधारात गाडी मागे घेताना डाव्या बाजूची पाइनची फांदी छपराची कड उसवून गेली. त्याच रात्री पाऊस आला आणि पहाटेपर्यंत गादी, पांघरुणे आणि माझ्या आईच्या हातची गोधडी भिजून चिंब झाली. दुरुस्तीला तीन आठवडे लागले आणि पैसेही बरेच गेले. पण मला आजही डाचते ते निराळेच आहे. टॉर्च लावून मी डावीकडेच उभी होते, हात हलवत होते, ओरडत होते, आणि काकांना मी दिसतच नव्हते.

काकांना काचबिंदू होता. हा आजार बहुधा दुखत नाही, आधी कडेची नजर खातो आणि गेलेली नजर परत देत नाही. त्या रात्रीपर्यंत ते आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हते. 2011 मध्ये आम्ही दोघेही नोकरी सोडू शकलो असतो. हिशेब मांडून झाला होता, घराचे कर्जही फिटले होते. तरी "अजून थोडे" म्हणत मी आणखी सात वर्षे काढली, ती अशा चार बेडरूमच्या घरासाठी, ज्यातल्या तीन खोल्यांत वर्षभर कोणी झोपत नसे. आता गाडी मीच चालवते. शेजारी बसून काका विचारतात, "डोंगराचा रंग कसा आहे?" आणि मी सांगते. ग्रँड कॅन्यनच्या कठड्याशी मी त्यांना रंग सांगत उभी होते, ते आठवले की तुझ्या पत्रातल्या "दोन वर्षे" या दोन शब्दांचा मला राग येतो. तुझा नव्हे. त्या शब्दांचा.

तू म्हणतेस की त्यांची हौस चार दिवसांत फिटेल. चार दिवसांत फिटणार नाही, पण काही दिवस नक्कीच वाईट जातील. पहाटे तीनला प्रोपेन संपतो आणि हीटर बंद पडतो. ब्लॅक टँकचा, म्हणजे संडासाच्या टाकीचा, व्हॉल्व्ह सतत उघडा ठेवला तर पाणी वाहून जाते आणि मैला तळाशी थापून बसतो; हे आम्ही एकदाच चुकलो. भांडण झाले तर रागाने आपटायला दुसऱ्या खोलीचे दार नसते, म्हणून आमच्यापैकी एक जण बाहेर जाऊन खुर्चीवर बसतो. हिंगाची फोडणी दिली की तिचा वास दोन दिवस उशीतून जात नाही. पण आज सकाळी सात वाजता मी दार उघडले तेव्हा ॲरिझोनातल्या क्वार्टझसाइटच्या वाळवंटात गारठा होता, पलीकडच्या ट्रेलरमधल्या 80 वर्षांच्या विधवा बाईंनी लांबूनच हात केला, आणि थोड्या वेळाने पोह्यांची बशी घेऊन मी त्यांच्याकडे गेले. इथे ला पोसामध्ये सरकारी जमिनीवर 15 सप्टेंबरपासून 15 एप्रिलपर्यंत राहण्याच्या परवान्याचे आम्ही 180 डॉलर भरले, म्हणजे महिना सव्वीस डॉलरही पडले नाहीत. पाणी भरून आणावे लागते, वीज छपरावरच्या सौर पॅनेलवर भागवावी लागते. मला ते जड जात नाही.

तुला खरोखर त्यांची काळजी असेल, तर थांबवण्यात वेळ घालवू नकोस. पुढच्या गोष्टी वेळेत करून घे. आईचा मेडिकेअरचा, म्हणजे 65 नंतरच्या सरकारी आरोग्यविम्याचा, पार्ट बी हा डॉक्टरांच्या खर्चाचा भाग सुरू झाला असेल, तर मेडिगॅपचा पूरक विमा प्रकृतीची चौकशी न होता मिळण्याची मुदत तेव्हापासून फक्त सहा महिने असते. त्यानंतर बहुतेक राज्यांत कंपनी आजारांविषयी विचारू शकते आणि नाकारूही शकते. मेडिकेअर ॲडव्हान्टेज या खासगी कंपन्यांच्या योजनेतले डॉक्टरांचे जाळे बहुधा राहत्या भागापुरते असते, आणि फिरत्या माणसाला त्याचा तातडीच्या प्रसंगाखेरीज फारसा उपयोग नाही. मूळ मेडिकेअर मात्र कोणत्याही राज्यात, ते स्वीकारणाऱ्या डॉक्टरकडे चालते. हा कागद पुढच्या वर्षी भरू म्हणशील, तर तोही अंधारात मुक्काम शोधण्याचाच प्रकार होईल.

गाडी पाहायला त्यांना संध्याकाळी जाऊ देऊ नकोस. भर दुपारी शिडी लावून छपरावर चढायचे आणि प्रत्येक सांध्याचे सीलंट बोटाने दाबून पाहायचे. टायरच्या कडेवर चार आकडे असतात; 3517 असेल तर तो टायर 2017 च्या 35 व्या आठवड्यातला. गाडी उभी राहून नक्षी नवी दिसते आणि रबर म्हातारे झालेले असते, तेव्हा नक्षीवर भुलू नये.

आता तू पत्रात न लिहिलेले लिहिते. दिवाळीला मी कुठे येऊ, हा तुझा खरा प्रश्न आहे, नाही का? माझ्या मुलानेही तो विचारला होता. त्याची उंची ज्या दाराच्या चौकटीवर दरवर्षी पेन्सिलीने लिहिली होती, ती चौकट मी घराबरोबर विकली, आणि दोन वर्षे तो गाडीत पाऊल ठेवायला आला नाही. मी आई म्हणून कमी पडले, असे त्याला वाटत असेल. मी रिकाम्या खोल्यांची राखण केली असती तर तो वर्षातून चार दिवस आला असता आणि उरलेले 361 दिवस काकांनी खिडकीतून तोच एक मेपल पाहिला असता, तोही अर्धा. मी निर्णय चुकवला नाही. उशिरा घेतला, एवढेच मी कबूल करीन, आणि त्याची किंमत माझ्याऐवजी काकांनी मोजली. ती चौकट मात्र काढून ठेवायला हवी होती. तुमच्या घरात तसे काही असेल, तर सुतार बोलावून विक्रीआधी काढून घे. त्याला दोन वर्षे लागत नाहीत.

जानेवारीत ये. आईबाबांनाही घेऊन ये. आमच्या शेजारी ते भाड्याच्या गाडीत आठवडाभर राहतील आणि तू आमच्या जेवणाच्या टेबलाचा रात्री पलंग होतो, त्यावर झोपशील. फिनिक्सच्या विमानतळापासून इथपर्यंत आय-10 महामार्गाने सव्वाशे मैलांच्या आसपास अंतर आहे, आणि जानेवारीत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. तेव्हा स्वस्त मिळते म्हणून संध्याकाळचे विमान घेऊ नकोस. सकाळी अकराच्या आत उतरणारे घे.

तुझी,
काकू