वर्डमध्ये मराठी लघुप्रबंधाची अनुक्रमणिका सरळ रेघेत कशी आणायची?

तुमची अडचण थोडक्यात अशी : कालिन्याला, म्हणजे मुंबई विद्यापीठात, एम.ए.चा लघुप्रबंध जमा करायचाय. अनुक्रमणिका टिंबं टाईप करून केली, तर पानांचे आकडे एकाखाली एक येत नाहीत आणि मजकुरात भर घातली की सगळे चुकतात. ‘रेफरन्सेस’मधून आपोआप काढली, तर फॉन्ट भलताच आला.

टाईप केलेली टिंबं आधी सगळी पुसून टाका. प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी असते, त्यामुळे टिंब किंवा स्पेस कमीजास्त करून आकडे कधीच एका रेघेत येणार नाहीत. आणि एक गोष्ट पक्की धरा : आपोआप निघालेल्या अनुक्रमणिकेत हाताने काहीही सुधारायचं नाही. तिथे केलेली दुरुस्ती पुढच्या अपडेटला पुसली जाते. दुरुस्ती दोनच ठिकाणी करायची, मजकुरातल्या शीर्षकांच्या स्टाईलमध्ये आणि ‘टीओसी १’, ‘टीओसी २’ या अनुक्रमणिकेच्या स्वतःच्या स्टाईलमध्ये.

प्रत्येक प्रकरणाच्या नावावर कर्सर ठेवून कंट्रोल+ऑल्ट+१ दाबा, म्हणजे ‘हेडिंग १’ लागेल. उपशीर्षकांना कंट्रोल+ऑल्ट+२. नुसतं बोल्ड करून अक्षर मोठं केलं तर वर्डच्या लेखी ते शीर्षक नसतं, साधा परिच्छेदच असतो. प्रकरण नव्या पानावर सुरू व्हावं म्हणून कंट्रोल+एंटर दाबू नका. तो पेज ब्रेक शीर्षकाच्याच परिच्छेदात अडकला, तर अनुक्रमणिकेत मागच्या पानाचा आकडा येऊ शकतो. त्याऐवजी ‘हेडिंग १’ मॉडिफाय करून परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये ‘पेज ब्रेक बिफोर’वर टिक करा.

मग रेफरन्सेस > टेबल ऑफ कंटेंट्स > कस्टम. ‘फॉरमॅट्स’मध्ये ‘फ्रॉम टेम्प्लेट’ निवडा, नाहीतर ‘मॉडिफाय’चं बटण चालत नाही. लघुप्रबंधाला दोन लेव्हल पुरतात असं माझं मत. तिसरी घातली की अनुक्रमणिका चार-पाच पानं खाते आणि तिच्यात काही सापडत नाही.

आता आकड्यांची रेघ. हा सगळा टॅबचा खेळ आहे. ए४ कागद २१ सेंमी रुंद. बाइंडिंगसाठी डावीकडे दीड इंच म्हणजे ३.८१ सेंमी आणि उजवीकडे एक इंच म्हणजे २.५४ सेंमी सोडला असेल, तर मजकुराला उरतात १४.६५ सेंमी. ‘टीओसी १’ मॉडिफाय > फॉरमॅट > टॅब्ज इथे जुने टॅब ‘क्लिअर ऑल’ करा, १४.६५ लिहा, अलाइनमेंट ‘राइट’, लीडरमध्ये (नाव आणि आकडा यांच्यामधली जागा भरणारी रांग) टिंबांचा २ क्रमांकाचा पर्याय, आणि ‘सेट’ दाबूनच ओके करा. ‘टीओसी २’लाही हेच. तुमचे समास वेगळे असतील तर वजाबाकी तुमच्या मापांनी करा. टॅबचा आकडा आणि मजकुराची रुंदी जुळली नाही, की आकडे आत तरी राहतात किंवा समासात तरी घुसतात.

इथे हमखास होणारा एक घोटाळा आहे. शीर्षकांना आपोआप क्रमांक दिले असतील, तर अनुक्रमणिकेत क्रमांक आणि नाव यांच्यामध्येही एक टॅब येतो. स्टाईलमध्ये उजवीकडचा एकच टॅब असेल, तर हा पहिला टॅब थेट तिकडे उडी मारतो. मग ‘१.१’नंतर टिंबांची रांग, आणि नाव उजव्या टोकाला चेपलेलं. उपाय सोपा आहे : १.२५ सेंमीवर आणखी एक टॅब द्या, अलाइनमेंट ‘लेफ्ट’, लीडर ‘नन’. परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये हँगिंग (दुसऱ्या ओळीपासून डावीकडे सोडायची जागा) तेही १.२५ ठेवा, म्हणजे लांब शीर्षकाची दुसरी ओळ नावाखालीच सुरू होईल. राइट इंडेंट १ सेंमी दिलात, तर ते शीर्षक पानाच्या आकड्यावर जाऊन आदळणारही नाही.

फॉन्ट भलता येतो त्याची कारणं दोन. मजकूर युनिकोडमध्ये (कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठीच दिसणाऱ्या आजच्या पद्धतीत) असेल, तर वर्ड देवनागरीला ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ मानतो आणि तिचा फॉन्ट, साईज, बोल्डपणा वेगळा साठवतो. तुम्ही वरच्या खान्यात साईज १४ केली, ती इंग्रजी अक्षरांना लागली, मराठी जिथल्या तिथे राहिलं. म्हणून टीओसी स्टाईल मॉडिफाय > फॉरमॅट > फॉन्ट उघडून ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’च्या खान्यात मंगल, कोकिला, जो मजकुराला आहे तोच फॉन्ट आणि तीच साईज भरा. दुसरं कारण जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट. अनुक्रमणिकेची ओळ टीओसी स्टाईलचा फॉन्ट घेते, त्यामुळे त्या फॉन्टमधलं मराठी तिथे इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन दिसतं. टीओसी स्टाईललाही तोच फॉन्ट दिला की काम भागतं. पण वेळ असेल तर अख्खा प्रबंध युनिकोडमध्येच आणा, पुढे शोधायला आणि पीडीएफमधून कॉपी करायला तो एकच मार्ग उपयोगी पडतो.

ओळींचं अंतर ‘एक्झॅक्टली’ ठेवू नका. १२ पॉइंटच्या अक्षराला १२ पॉइंट अंतर दिलं की ‘वर्गीकरण’मधला रफार आणि वेलांटी वरून कापली जाऊ शकते. ‘मल्टिपल’ १.१५ किंवा १.२ ठेवा.

सुरुवातीच्या पानांना रोमन आकडे हवे असतील, तर पहिल्या प्रकरणाआधी लेआउट > ब्रेक्स > ‘नेक्स्ट पेज’ सेक्शन ब्रेक टाका, फूटरमध्ये ‘लिंक टू प्रीव्हियस’ बंद करा आणि नव्या सेक्शनचे आकडे १ पासून सुरू करा. १, २, ३ असे देवनागरी आकडे त्याच ‘फॉरमॅट पेज नंबर्स’च्या यादीत असतात. दिसले नाहीत तर ऑप्शन्स > लँग्वेजमध्ये हिंदी जोडून वर्ड पुन्हा उघडा. अनुक्रमणिका हे आकडे आपणहून उचलते.

चित्र किंवा अख्खा परिच्छेदच अनुक्रमणिकेत घुसला असेल, तर त्याला चुकून हेडिंगची स्टाईल लागली आहे. मजकुरात त्या जागी जाऊन ‘नॉर्मल’ करा. ‘बुकमार्क नॉट डिफाइन्ड’ अशी चूक दिसली तर अनुक्रमणिकेवर क्लिक करून एफ९ दाबा आणि ‘अपडेट एंटायर टेबल’ निवडा. नुसते पान क्रमांक अपडेट केले तर बदललेली नावं जुनीच राहतात.

लिब्रेऑफिसवाल्यांसाठी : इन्सर्टमधून टेबल ऑफ कंटेंट्स काढा, टॅबचं काम ‘एन्ट्रीज’मध्ये होतं, स्टाईलचं नाव ‘कंटेंट्स १’. बाकी तर्क हाच.

आणि वर्डची फाईल पेनड्राईव्हवर घेऊन झेरॉक्सच्या दुकानात जाऊ नका. तिथल्या कॉम्प्युटरवर तुमचा फॉन्ट नसला, की दुसरा फॉन्ट येऊन बसतो, ओळी सरकतात, प्रकरण पुढच्या पानावर जातं आणि छापलेली अनुक्रमणिका खोटी ठरते. घरीच कंट्रोल+ए, एफ९ करा, मग ‘सेव्ह ॲज’मधून पीडीएफ काढा. तिथल्या ऑप्शन्समध्ये ‘क्रिएट बुकमार्क्स युजिंग हेडिंग्ज’ टिक करा. ‘प्रिंट टू पीडीएफ’ने काढली तर अनुक्रमणिकेतल्या लिंक मरतात. बाइंडिंगला देण्याआधी त्या पीडीएफमधली चार-पाच प्रकरणं उघडून आकडे ताडून पाहा.