बाबांची जुनी कॅसेट सापडली आहे, त्यांना दाखवावी का?

सातारा जिल्ह्यात समुपदेशनाचे काम करताना फौजेतल्या घरांशी संबंध येतोच. ज्या जिल्ह्यात अपशिंगे गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' हा शब्द कायमचा जोडला गेला आहे, तिथे जवळजवळ प्रत्येक वाडीत पांढऱ्या रंगाने नाव आणि नंबर घातलेली एखादी काळी ट्रंक असते. गेल्या काही वर्षांत या ट्रंकांमधून निघालेल्या एका वस्तूबद्दलचा एकच प्रश्न मी पुनःपुन्हा ऐकते आहे. कुणाला कारगिलच्या काळातले चित्रण सापडलेले असते, कुणाला संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतले, कुणाला जुन्या मोबाइलच्या मेमरी कार्डातले. मुलांना ते मोठ्या पडद्यावर लावायचे असते, आईला भीती वाटते की खपली निघेल, आणि ज्याने ते चित्रण केले तो माणूस गप्प असतो. मग मला विचारतात, "दाखवावं का नको?"

याचे उत्तर मी 'हो' किंवा 'नाही' असे देत नाही. का देत नाही, हे एका घराच्या हकिकतीवरून सांगते. त्यांची संमती आहे आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

पहिल्यांदा आल्या त्या पत्नी. नवरा हवालदार म्हणून निवृत्त झालेला, पण आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे गाव त्यांना 'मेजर'च म्हणते, म्हणून मीही तेच म्हणेन. दिवाळीच्या सुट्टीत मुलाला ट्रंकेत हँडीकॅमच्या चार छोट्या कॅसेट मिळाल्या. कॅमेरा केव्हाच बंद पडला होता, म्हणून त्याने साताऱ्यातल्या एका स्टुडिओतून त्या पेन ड्राइव्हवर उतरवून घेतल्या आणि भाऊबीजेच्या संध्याकाळी, आत्या-काका जमलेले असताना, बाबांना न सांगता टीव्हीवर लावल्या. पहिल्या कॅसेटीत सरोवर होते, रात्री लाल दिसणारा ज्वालामुखी होता, मोठाल्या लाकडी स्कूटरींवरून पोती वाहणारी माणसे होती; सगळे हसतखेळत पाहत होते. तिसरी कॅसेट सुरू होताच मेजर उठले, गोठ्यात जाऊन बसले आणि जेवायला आले नाहीत. त्या रात्रीपासून त्यांची झोप उडाली होती.

"मी त्यांना आनंद द्यायला गेलो होतो," मुलगा मला म्हणाला. त्याचे वय बावीस. त्याला मी एवढेच सांगितले की त्याचा हेतू चांगला होता आणि रीत चुकली होती, आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

मेजर स्वतः यायला तीन आठवडे लागले. ते काँगोला गेले होते. तिथे संयुक्त राष्ट्रांची जी मोहीम तेव्हा 'मोनुक' या नावाने चालू होती, तिच्यातली भारतीय ब्रिगेड उत्तर किवू प्रांतात होती आणि तिचे मुख्यालय गोमा शहरात होते. न्यिरागोंगो ज्वालामुखीच्या पायथ्याशी आणि किवू सरोवराच्या काठी वसलेल्या या शहरातून २००२ च्या जानेवारीत लाव्हा वाहत गेला होता. रस्ते काळे, कुंपणाच्या भिंतीही त्याच काळ्या दगडाच्या. २००८ च्या ऑक्टोबरअखेर लॉरां न्कुंडा याचे बंडखोर सैन्य गोम्याच्या दिशेने सरकले, तेव्हा किबुंबाच्या विस्थापितांच्या छावणीतली हजारो माणसे गाठोडी डोक्यावर घेऊन किबातीकडे चालत निघाली. २९ ऑक्टोबरला बंडखोरांनी एकतर्फी शस्त्रसंधी जाहीर केला, पण रस्त्यावर आलेली माणसे रस्त्यावरच राहिली. तिसरी कॅसेट त्या रस्त्याची होती.

हे त्यांनी मला पहिल्या भेटीत सांगितले, जणू वरिष्ठांना अहवाल द्यावा तसे, पाठ ताठ ठेवून. अशा बोलण्याला मी थांबवत नाही. ज्याला भावना बोलता येत नाही त्याला तारीख, गाव आणि गाडी बोलता येते, आणि तेवढ्यावरही बसायला जागा होते. माझा कल पूर्वीपासून माणसाला आपली हकिकत पुन्हा सांगू देण्याकडे आहे. तिला नाव द्यायची मला घाई नसते.

दुसऱ्या भेटीत त्यांच्या पत्नी सहज बोलून गेल्या, "घराच्या पाटीवर 'माजी सैनिक' लिहू देत न्हाईत. गाडीवरबी न्हाई. सगळी लावत्यात, ह्यांचंच काय वेगळं?" घरच्यांनी हा त्यांचा साधेपणा मानला होता. मला ते खटकले. साधा माणूस पाटीच लावत नाही. यांची पाटी होती, तिच्यावर नाव होते, हुद्दा होता, फक्त तो एक शब्द नव्हता. मी विचारले नाही, मनात ठेवले.

चौथ्या भेटीत मी विचारले, "मेजर, कॅसेट सुरू झाल्यावर तुम्ही काय बघितलंत?"

"बघितलं न्हाई. ऐकलं."

"काय ऐकलंत?"

बराच वेळ गेला. टेबलावरचा पाण्याचा ग्लास त्यांनी दोन बोटांनी हळूच बाजूला सरकवला. मग म्हणाले, "मॅडम, तिकडं पाण्याला माजी म्हणत्यात."

समुपदेशकाच्या आयुष्यात असे क्षण फार येत नाहीत. मी काहीही बोलले नाही, आणि तेव्हा न बोलल्याचे मला आजही समाधान आहे.

हकिकत अशी होती. किबातीच्या रस्त्यावर त्यांची पांढरी गाडी गर्दीतून सावकाश चालली होती. ते चालकाच्या शेजारी बसून चित्रण करत होते. पिवळा रिकामा कॅन घेतलेला सात-आठ वर्षांचा मुलगा गाडीबरोबर पळत खिडकीशी आला आणि "माजी, माजी" म्हणू लागला. चालक कोल्हापूरकडचा. मेजर हसून त्याला म्हणाले, "आयला, मराठी बोलतंय की पोरगं!" दोघेही हसले. गाडी पुढे गेली. पाण्याची भरलेली बाटली मेजरांच्या मांडीवर होती.

"पोरगं पाणी मागत हुतं आन् मी हसत हुतो. पुढं बारा वर्षं नोकरी केली, घर बांधलं, पन ते हसू मला इसरता येत न्हाई." घरही त्याच वर्षीच्या परदेशी भत्त्यातून उभे राहिले होते. गावात त्याला 'काँगोचं घर' म्हणतात.

इथे माझी एक चूक होता होता राहिली. मला वाटले, कॅसेट पाहिली तर त्यांची आठवणच चुकीची ठरेल. कदाचित त्यांनी बाटली दिलेली असेल, कदाचित ते हसलेच नसतील. त्या आशेने मी कॅसेट पाहण्याकडे झुकले होते. सुदैवाने मी ती आशा त्यांना बोलून दाखवली नाही, कारण ती खोटी ठरली. आम्ही पाहिले तेव्हा सगळे त्यांनी सांगितले तसेच होते: मुलगा, कॅन, हसणे, पुढे गेलेली गाडी.

पाहण्याची रीत मात्र आम्ही ठरवून घेतली होती. सकाळची वेळ, लॅपटॉपचा लहान पडदा, आधी आवाज पूर्ण बंद. थांबवण्याचे बटण त्यांच्या हाती आणि मी समोर न बसता शेजारी. पहिल्या दिवशी त्यांनी वीस सेकंद पाहून बंद केले, आणि तेवढे पुरेसे होते. तिसऱ्या वेळी त्यांनी स्वतः आवाज वाढवला.

ऐकून झाल्यावर मी एकच प्रश्न विचारला. "त्या दिवशी तुम्हाला 'माजी'चा अर्थ माहीत होता का?"

"न्हाई. आठवड्यानं कळला. छावणीतल्या दुभाष्यानं सांगितला."

"मग परत ऐका. हा हसणारा माणूस काय ऐकून हसतोय?"

त्यांनी ते वाक्य सलग तीनदा लावले. घरापासून हजारो मैलांवर, अनोळखी माणसांच्या लोंढ्यात, आपल्या भाषेतला शब्द कानावर आला म्हणून हरखून गेलेल्या एका तरुणाचा तो आवाज होता. पाणी मागणाऱ्या मुलाला हसणारा माणूस त्या फितीत नव्हता. तो नंतर, अर्थ कळल्यावर, मेजरांच्या मनात तयार झाला होता. आठवडाभराने मिळालेले ज्ञान त्यांनी नकळत त्या दिवसाच्या माणसाच्या पदरात टाकले आणि पंधरा वर्षे त्याला त्याची शिक्षा दिली.

मला या कामात जे सापडले ते हे. आठवण पुढचे सगळे जाणून असते आणि ते मागच्या क्षणात मिसळते. चित्रफितीला पुढचे काहीच ठाऊक नसते. म्हणून ती कधी कधी आठवणीपेक्षा दयाळू असते.

यातून मेजर मोकळे झाले असे मी म्हणणार नाही. ते म्हणाले, "कळलं नसलं तरी पोराला पानी मिळालं न्हाईच की." मी मान डोलावली, कारण ते खरे आहे आणि ते पुसण्याचा अधिकार मला नाही. पण अपराधाचे ओझे आणि दुःख यांत फरक असतो. दुःख घरच्यांना सांगता येते. त्यानंतरच्या रविवारी त्यांनी ते मुलाला सांगितले, आणि मुलाने मध्ये एकदाही मोबाइल उचलला नाही, हे मला त्यांच्या पत्नीने कौतुकाने सांगितले.

तेव्हा ज्यांच्या घरी अशी कॅसेट निघाली आहे त्यांना माझे सांगणे आहे की ती आधी वाचवा. चुंबकीय फितीला आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात बुरशी धरते आणि ती वाजवणारी यंत्रे दुर्मिळ होत चालली आहेत, म्हणून नक्कल करून घ्या, मूळ कॅसेट टाकू नका, आणि काहीच दिसत नाही म्हणून कुठलाही भाग कापायला सांगू नका, कारण त्यात आवाज असतो. दाखवण्याची घाई मात्र अजिबात करू नका. 'सापडली आहे, जपून ठेवली आहे, तुम्ही म्हणाल तेव्हा' एवढेच सांगून थांबा. समारंभात लावू नका, गाणे जोडू नका, आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर तर मुळीच टाकू नका. त्यात इतर जवानांचे चेहरे असतात, ठाण्यांची मांडणी असते आणि ज्यांना कुणी विचारले नाही अशी पीडित माणसे असतात. पाहायला नकार मिळाला तर तो नकार त्या माणसाचा मान म्हणून स्वीकारा.

आणि झोप आठवडेच्या आठवडे येत नसेल, दारू वाढली असेल, जगण्याचा कंटाळा आल्याची भाषा निघत असेल, तर कॅसेट बाजूला ठेवून आधी मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. माजी सैनिकांसाठी ईसीएचएस या त्यांच्या आरोग्य योजनेची पॉलिक्लिनिके आहेत, आणि १४४१६ या टेली-मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही मराठीत बोलता येते. मेजरांनाही सुरुवातीचे दोन महिने झोपेसाठी औषध घ्यावे लागले.

शेवटच्या भेटीला ते चारही कॅसेट घेऊन आले होते. तिसरीवर आधी नुसते 'गोमा ३' होते. ती चिठ्ठी काढून त्यांनी नवी लावली होती, आणि नीट जमावे म्हणून अक्षरांखाली पेन्सिलीने रेघ आखली होती: 'किबातीचा रस्ता, ऑक्टोबर २००८. माजी म्हणजे पाणी.'