आधी पोटोबा, मग मन?

"ताई, तिकडे लोकांना पांघरूण हवंय, औषध हवंय. आणि मी गप्पा मारायच्या गटासाठी वर्गणी मागतेय. चोरी केल्यासारखं वाटतं हो."

समुपदेशनाच्या कामात हे मी वेगवेगळ्या तोंडून ऐकलंय. २०१९ च्या पुरानंतर सांगलीत काम करणारा एक मुलगा असंच म्हणाला होता. मदतीत आलेल्या जुन्या कपड्यांचा ढीग शाळेच्या व्हरांड्यात भिजत पडला होता, आणि त्याला महिनाभर घरोघरी जाऊन लोकांचं ऐकत बसायला एसटीचं भाडं मिळत नव्हतं. पण आज सांगतेय ती गोष्ट पोलंडमधल्या क्राकुफची आहे. सांगायची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नाव देत नाही. तिथल्या मराठी मंडळात तिला सगळे वहिनी म्हणतात, इथं मीही तेच म्हणते.

वहिनी माझ्याकडे आली ती झोपेसाठी. सप्टेंबर २०२५, गणपती होऊन पंधरा दिवस झालेले. तिच्या संध्याकाळच्या सहाला माझे साडेनऊ वाजायचे, म्हणून आमची भेट माझी जेवणं आवरल्यावर, लॅपटॉपवर. पहाटे तीनला जाग येते, मग डोळा लागत नाही, छातीवर कुणी बसल्यासारखं होतं. नवरा आयटीत, मुलगा तिथल्याच शाळेत, घरात सगळं ठीक.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केला तेव्हा तिकडे वैद्यकीय शिकणारी आपली मुलं सीमा ओलांडून पोलंडमध्ये येत होती. भारत सरकारच्या 'ऑपरेशन गंगा'च्या विमानांची वाट बघणाऱ्या त्या मुलांसाठी वहिनी आणि तिच्या मैत्रिणी खिचडीची पातेली घेऊन गेल्या. मुलं घरी पोचली. पण स्थानकावर पोरांना कडेवर घेऊन उभ्या असलेल्या युक्रेनी बायका तिथंच होत्या. वहिनीही मग त्या कामातून बाहेर पडलीच नाही.

माझी चूक आधी सांगते. हे सगळं ऐकल्यावर मी मनाशी निदान करून टाकलं: तीन वर्षं दुसऱ्यांचं दुःख ऐकून बाई थकलीय. बातम्या कमी बघा, फोन बेडरूमबाहेर ठेवा, श्वासाचा व्यायाम करा. दोन भेटी यात गेल्या. तिनं सगळं मन लावून केलं आणि तिसऱ्या भेटीत म्हणाली, "बातम्या मी तशाही बघत नाही हो. मला हिशेबाची वही दिसते."

तेव्हा कुठं मी गप्प बसून ऐकायला लागले.

वस्तीतल्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर मंगळवारी युक्रेनी बायकांचा गट भरायचा. चालवणारी बाई तिकडे शाळेत मास्तरीण होती. तिला थोडं प्रशिक्षण मिळालेलं, आणि एक मानसशास्त्रज्ञ महिन्यातून दोनदा तिच्याशी बसायची. वहिनी चहा, खुर्च्या आणि लहान पोरांकडे बघायची. पैसे एका मोठ्या संस्थेकडून येत. त्या संस्थेला ते अमेरिकी मदतीतून मिळत, हे वहिनीला ते थांबल्यावर कळलं.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेनं परदेशी मदत ९० दिवसांसाठी गोठवली, आणि मार्चमध्ये यूएसएड या आपल्या मदत संस्थेचे ८३ टक्के कार्यक्रम रद्द केल्याचं परराष्ट्रमंत्री मार्को रुबिओ यांनी जाहीर केलं. आपण ही बातमी वाचली आणि पान उलटलं. क्राकुफच्या त्या खोलीत तिचा अर्थ असा झाला की एका शुक्रवारी मेल आला आणि पुढच्या मंगळवारी गट नव्हता. दारावर कागद वहिनीनंच चिकटवला. खारकीव्हहून आलेली एक आजी तो वाचूनही मंगळवारी आली. पुढच्याही मंगळवारी आली. बंद दारापाशी तास-दीड तास उभी राहायची आणि ट्राम पकडून परत जायची. वहिनी हे समोरच्या बेकरीतून बघत होती. बाहेर जाऊन तिच्याशी बोलायचं धाडस झालं नाही.

आणि आता या गणपतीत मंडळानं ठरवलं की यंदाच्या वर्गणीतले अकरा हजार झ्लॉटी (पोलंडचं चलन) 'वहिनींच्या युक्रेनवाल्या कामाला' द्यायचे. टाळ्या वाजल्या. त्या रात्रीपासून तिची झोप गेली.

मंडळाचे खजिनदार काका. भला माणूस, पै-पैचा हिशेब ठेवणारा. त्यांनी विचारलं, "वहिनी, आधी पोटोबा मग विठोबा. गरम कपडे घेऊ, औषधं घेऊ. हे मन मोकळं करणं वगैरे युद्ध संपल्यावर बघता येईल. आणि फोटो काय दाखवायचा लोकांना? बायका चहा पितायत?"

वहिनीला उत्तर सुचलं नाही, कारण आतून तिलाही तसंच वाटत होतं.

आता समुपदेशकानं सल्ले देऊ नयेत, प्रश्न विचारावेत, असं आम्हाला शिकवतात. इथं मी तो नियम थोडा मोडला. तिच्या अपराधी भावनेत अर्धा भाग माहितीच्या अभावाचा होता, आणि माहिती अडवून ठेवण्यात काही शहाणपण नसतं.

मी तिला उतरंड काढायला सांगितली, कागदावर. संयुक्त राष्ट्रांच्या आणि मदत संस्थांच्या एकत्रित समितीनं २००७ साली आणीबाणीतल्या मानसिक आधाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात चार थर आहेत. सगळ्यात खालचं मोठं मडकं म्हणजे अन्न, निवारा, सुरक्षितता, आणि ते माणसाचा मान राखून देणं. त्यावर कुटुंब आणि शेजार पुन्हा जोडणं. त्यावर प्रशिक्षण घेतलेल्या साध्या माणसांनी दिलेला नेमका आधार. अगदी वरचं लहान गाडगं म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ. यातलं कुठलंच दुसऱ्याची वाट बघत थांबत नाही. रांगेत उभ्या बाईला तिचं नाव विचारून पांघरूण दिलं की नंबर ओरडून अंगावर टाकलं, इथपासूनच मनाचं काम सुरू होतं.

काकांना मी असते तर वारीचं उदाहरण दिलं असतं. दिंडीत पंगत आणि भजन एकाच वाटेवर चालतं. आधी सगळ्या मुक्कामांची जेवणं उरकून मग पंढरपुरात एकदम अभंग म्हणू, असं कुणी करत नाही.

संघर्षाच्या प्रदेशात साधारण पाचातल्या एका माणसाला निदान करण्याजोगा मानसिक त्रास असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. वहिनी हे ऐकून घाबरली, "मग आमचा चहा काय करणार?" मी म्हटलं, उरलेल्या चौघींचं काय? त्यांना आजार नाही, पण झोप नाही, चिडचिड आहे, मुलावर हात उचलला जातो, नवरा आघाडीवर आहे आणि फोन लागत नाही. त्यांना डॉक्टर नको असतो. मंगळवार हवा असतो. आणि त्या पाचव्या बाईला डॉक्टरकडे पोचवायला कुणीतरी ओळखीचं लागतं, तेही तिथंच भेटतं.

"पण चालवणारी बाई मानसशास्त्रज्ञ नाही," हा काकांचा दुसरा मुद्दा. याचं उत्तर आपल्या शेजारीच, गोव्यात आहे. तिथं 'संगत' या संस्थेच्या अभ्यासात आरोग्य क्षेत्राशी संबंध नसलेल्या स्थानिक माणसांना दोन महिन्यांच्या आसपास शिकवून सरकारी आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या आणि चिंतेच्या रुग्णांसाठी बसवलं, आणि रुग्णांना फायदा झाला. निष्कर्ष २०१० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. पेशावरमध्ये, जिथं हिंसाचार रोजचा होता, तिथं अशाच साध्या मदतनिसांनी पाच भेटींचा एक कार्यक्रम चालवला. त्याचेही चांगले निकाल २०१६ मध्ये छापून आले. पण या दोन्ही ठिकाणी मदतनिसांच्या मागे जाणतं माणूस नियमित बसत होतं. पैसा कमी पडला की संस्था खर्चाच्या यादीतली नेमकी हीच ओळ खोडतात, कारण ती कुणाला दिसत नाही. माझ्या मते सगळ्यात शेवटी खोडायची ती हीच.

मग आम्ही वहीच उघडली. समुपदेशनाच्या तासात बेरीज-वजाबाकी मी पहिल्यांदाच केली असेन. गट चालवणाऱ्या बाईचं मानधन चार मंगळवारांचं ६०० झ्लॉटी. मानसशास्त्रज्ञाच्या दोन बैठका, ४००. ट्रामची तिकिटं २००. चहा, बिस्किटं, पोरांचे रंग, १००. महिना १,३००. खोली फुकट. अकरा हजारांत जवळजवळ साडेआठ महिने.

वहिनी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "आणि साडेआठ महिन्यांनी मी परत कागद चिकटवू?"

तीनला जाग येते ती याच प्रश्नानं, हे आम्हा दोघींना तेव्हा एकदमच कळलं.

युद्धात मानसिक आधाराला पैसा मिळतो तो तुकड्यातुकड्यांनी, सहा महिने, वर्षभर. ज्या बायांचं घर, गाव, माणसं अचानक गेली, त्यांचा मंगळवारही अचानक जातो. युक्रेनमध्ये सरकारनं हे थोडं ओळखलंय. राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की यांच्या पत्नी ओलेना झेलेन्स्का यांच्या पुढाकारानं 'ती याक?', म्हणजे 'कसा आहेस?', हा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, फॅमिली डॉक्टरांना मनाच्या आजारांचं प्रशिक्षण मिळालं, स्थानिक पातळीवर आधार केंद्रं निघाली. पगार सरकारी व्यवस्थेतून निघाला की तो परदेशातल्या निवडणुकीवर तितका टांगलेला राहत नाही. पण सीमेपलीकडे क्राकुफच्या वाचनालयात बसलेल्या बाईपर्यंत हे पोचत नाही.

तेव्हा मी वहिनीला एकच गोष्ट आग्रहानं सांगितली. आठ महिन्यांचे पैसे आहेत तर पहिल्याच मंगळवारी शेवटच्या मंगळवारची तारीख सांगायची. सात महिने गट, आठवा महिना निरोपाचा. त्या महिन्यात फोन नंबर वाटायचे, कोण कुणाच्या घरी भेटणार ते ठरवायचं, ज्यांना जास्त मदत लागते त्यांना क्लिनिकपर्यंत सोबत करायची. उरलेले अर्ध्या महिन्याचे पैसे हात न लावता ठेवायचे. पुढे पैसे आले तर आनंदच आहे. नाही आले तर निदान दार बंद होताना सगळ्या आत असतील.

मंडळातल्या तरुणांना आणखी एक कल्पना सुचली होती: एखाद्या बाईनं कॅमेऱ्यासमोर आपली कहाणी सांगायची, तो व्हिडिओ फिरवून आणखी निधी जमवायचा. यावर मी स्पष्ट नाही म्हटलं. भयंकर प्रसंग एका बैठकीत खोदून काढल्यानं माणूस हलकं होतं हा समज जुना आहे, आणि अनुभवानं खोटा ठरलाय. त्यात समोर चहा देणारी माणसंच मागताहेत म्हटल्यावर ती बाई नाही कसं म्हणेल? काकांना फोटो हवा तर रिकाम्या खुर्च्यांचा द्या, म्हटलं. वर तारीख आणि किती जणी आल्या तो आकडा. वहिनी हसली. आमच्या भेटींत पहिल्यांदा.

ऑक्टोबरमध्ये गट पुन्हा सुरू झाला. आणि लगेच नवा पेच. बायकांनी बसून बोलायला नकार दिला. त्यांनी लाकडी चौकट आणली, तिच्यावर जाळं ताणलं आणि कापडाच्या पट्ट्या विणायला घेतल्या. आघाडीवरच्या सैनिकांना लपण्यासाठी लागणारी जाळी. हात कामात गुंतले आणि तोंडं उघडली. एकीनं तीन वर्षांत पहिल्यांदा भावाचं नाव घेतलं, पट्टीची गाठ मारता मारता, मान वर न करता.

बहुतेक मदत संस्था अशा गटाला पैसे देऊ शकत नाहीत. मानवतावादी मदत तटस्थ असावी लागते, आणि जाळी लष्करासाठी आहे. मंडळातही कुजबुज झाली, "आपला पैसा लढाईला नको." मला दोन्ही बाजू पटतात, आणि यावर माझ्याकडे स्वच्छ उत्तर नाही. वहिनीनं वहीत एक रेघ ओढली: मंडळाचा पैसा मानधन, बैठका, तिकिटं आणि चहाला, कापड बायकांनी स्वतःचं आणायचं. काकांनी त्याखाली सही केली. ते स्वतः एकदा जाऊन आले. खुर्च्या लावल्या, तासभर बसले, काही बोलले नाहीत.

खारकीव्हची आजी तिसऱ्या मंगळवारी आली. वहिनीनं तिला बेकरीतलं सांगून टाकलं, की मी बघत होते आणि बाहेर आले नाही. आजी म्हणाली, तिलाही काचेतून वहिनी दिसायची. म्हणूनच ती यायची.

हे सांगताना वहिनी रडली. मी काही बोलले नाही. झोप आता पाचपर्यंत लागते म्हणाली, तेवढं पुरेसं आहे तूर्त.

परवाच्या भेटीत तिनं स्क्रीनसमोर काहीतरी धरलं. आईची जुनी शेवाळी साडी तिनं जाळीसाठी नेली होती. रंग अगदी हवा तसा. पण बायकांनी काठ बघितला आणि डोकी हलवली: जरीचा धागा चमकतो, वरून ड्रोनला दिसेल. आजीनं कात्री घेतली आणि काठ सरळ रेषेत, एक धागा न उसवता, कापून वहिनीच्या हातात दिला. साडी जाळीत गेली. काठ वहिनीच्या टेबलावर गुंडाळी करून पडलाय, आणि त्याचं काय करायचं ते तिला अजून सुचलेलं नाही.