पित्तनलिकेत गाठीची शंका: एमआरसीपी झाल्यावरही सीटी कशासाठी?

आपल्या वडिलांना कावीळ झाली, सोनोग्राफीत पित्तनलिका फुगलेली दिसली पण खडा सापडला नाही आणि एमआरसीपीच्या (एमआरआयने काढलेल्या पित्तनलिकांच्या चित्रांच्या) अहवालात नलिकेच्या आतील पॅपिलरी, म्हणजे बोटांसारखे उंचवटे असलेल्या, गाठीची शंका नोंदवली गेली. असे असताना स्टेंट (नलिका उघडी ठेवणारी बारीक नळी) घालण्याआधी कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिले जाणारे, चित्र उठावदार करणारे औषध) देऊन सीटी आणि एमआरआय पुन्हा का करायचे, असे आपण विचारले आहे. रेडिओलॉजीत दीर्घकाळ काम केल्यावर माझे मत असे आहे की या तपासण्या टाळू नयेत आणि त्यांचा क्रमही बदलू नये.

एमआरसीपीत साचलेला द्रव पांढराशुभ्र उमटतो, त्यामुळे नलिकांचा नकाशा उत्तम मिळतो. परंतु काही पॅपिलरी गाठींतून म्युसिन हा चिकट, बुळबुळीत पदार्थ स्रवतो आणि एमआरसीपीच्या चित्रात तो पित्तापासून वेगळा ओळखता येत नाही. गाठ लहान असेल तर ती दिसतच नाही, दिसते ती केवळ फुगलेली नलिका. एरवी अडथळ्याच्या वरची, म्हणजे यकृताकडची नलिका फुगते आणि खालची नेहमीच्या आकाराची राहते. म्युसिन खाली वाहत साचले तर मात्र गाठीच्या खालचा भागही रुंदावतो. खडा नसताना असे चित्र दिसले, तर नलिकेची भिंत मी इंच इंच तपासतो.

कॉन्ट्रास्टचा उपयोग येथेच होतो. खडा कॉन्ट्रास्ट घेत नाही, गाठ घेते. पित्तनलिकेच्या नेहमीच्या कर्करोगात तंतुमय ऊतक पुष्कळ असल्याने तो बहुधा सावकाश, काही मिनिटांनंतरच्या चित्रांत उजळतो, तर फार क्वचित आढळणारी न्यूरोएंडोक्राइन (संप्रेरके स्रवू शकणाऱ्या पेशींची) गाठ बरेचदा रोहिणीच्या टप्प्यातच, म्हणजे कॉन्ट्रास्ट दिल्यावर लगेचच्या चित्रांत, उठून दिसते. तशी शंका आल्यास गॅलियम-६८ डोटाटेट पेट स्कॅनचा, म्हणजे अशा गाठींना चिकटणारे किरणोत्सारी औषध देऊन केलेल्या स्कॅनचा, आधार घेता येतो. म्युसिनयुक्त सिस्टिक (द्रवाने भरलेल्या पिशवीसारखी) गाठ जवळजवळ केवळ स्त्रियांत आढळते, त्यामुळे तिचा विचार येथे मागे पडतो. आयजीजी४ या प्रतिपिंडाशी संबंधित दाह मात्र विसरू नये, कारण तो हुबेहूब कर्करोगासारखा दिसू शकतो आणि स्टेरॉइडने आटोक्यात येऊ शकतो. हा दाह बरेचदा स्वादुपिंडातही असतो, म्हणून तेही त्याच तपासणीत नीट पाहावे.

स्टेंट घातल्यावर फुगलेली नलिका आकसते, भिंतीला सूज येऊन ती जाड दिसते आणि गाठ नेमकी कोठे संपते हे सांगणे अवघड होते. थंडी वाजून ताप येत असेल, म्हणजे नलिकेत जंतुसंसर्ग झाला असेल, तर मात्र पित्ताचा निचरा आधी करावा लागतो. तेव्हा स्कॅनसाठी थांबणे धोक्याचे ठरते.

गाठीचे नाव बायोप्सीनेच पक्के होते. पण उजव्या व डाव्या यकृतनलिका जेथे मिळतात, तेथपर्यंत गाठ पोहोचली आहे का, हे स्कॅनच्या अहवालात स्पष्ट लिहून घ्या, कारण शस्त्रक्रियेत यकृताचा भाग काढावा लागेल की नाही, हे बहुतांशी त्यावरच ठरते.